बुरशीच्या जनुकावर अचूक नेम: तंबूच्या कापडापासून पुण्याच्या संग्रहापर्यंत

मी काशीतल्या मंगला गौरीच्या गल्लीतून बोलतोय. पंचगंगा घाटाजवळची ही मराठी वस्ती फार जुनी आहे. इथून गंगा ओलांडून पूर्वेला गेलं की चंदौली जिल्हा लागतो. तिथे भात इतका पिकतो की लोक त्याला 'धान का कटोरा' म्हणतात. भात आला की पेंढा आला, आणि पुढचा गहू वेळेवर पेरायचा म्हणून तो पेंढा जाळणंही आलं. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीला उसाचं पाचट जळतं, इकडे भाताचा पेंढा.

बऱ्याच जणांनी मला विचारलं, "कर्नलसाहेब, पेंढ्यापासून इंधन होतं म्हणतात, मग जाळता कशाला?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर मात्र एका बुरशीच्या पोटातून जातं. म्हणून आजचा विषय आहे तंतुमय बुरशी, आणि तिच्या हव्या त्या जनुकात हवा तो बदल करण्याची विद्या. मी पदवीपर्यंत वनस्पतिशास्त्र शिकलो, पुढचं सगळं फौजेत आणि निवृत्तीनंतर वाचून. म्हणून सोप्या भाषेत सांगतो.

पेंढा, साखर आणि बुरशी

पेंढ्यात, पाचटात, उसाच्या चिपाडात मुख्य माल असतो सेल्युलोज. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज साखरेचीच लांबच लांब साखळी. साखळी तोडली की साखर सुटते, साखर आंबवली की इथेनॉल मिळतं. पण ही साखळी इतकी घट्ट विणलेली असते की आपल्या पोटाला ती तुटत नाही. ती तोडतात सेल्युलेज नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम. आणि सेल्युलेज भरपूर बनवून शरीराबाहेर सोडणारे कारखाने म्हणजे तंतुमय बुरशी: भाकरीवर, ओल्या भिंतीवर, कुजलेल्या लाकडावर धाग्यांसारखी पसरते ती.

पेंढ्याच्या इथेनॉलच्या खर्चात या विकरांचा वाटा मोठा असतो. ती स्वस्त झाली तर पेंढ्याला भाव येईल, आणि भाव आला तर कोणी काडी लावणार नाही. म्हणजे प्रश्न असा उरतो: बुरशीकडून जास्त आणि चांगलं सेल्युलेज कसं काढायचं?

फौजेचा तंबू आणि हिरवी बुरशी

या शास्त्राची एक शाखा चक्क फौजेच्या भांडारातून निघाली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी फौज दक्षिण पॅसिफिकच्या बेटांवर लढत होती. तिथल्या दमट हवेत सुती तंबू, पट्टे, गणवेश काही आठवड्यांत कुजायचे. ईशान्य भारतात पावसाळा काढलेल्या कुठल्याही जवानाला विचारा, बुटांवर आणि तंबूवर चढणारी ती बुरशी काय चीज असते ते! अमेरिकी क्वार्टरमास्टर विभागाने कापड कशाने कुजतं हे शोधायला शास्त्रज्ञ बसवले. सॉलोमन बेटांच्या साखळीतल्या बूगनव्हिल इथल्या सुती कापडावरून एक हिरवी बुरशी वेगळी केली गेली. तिला क्रमांक मिळाला क्यूएम ६ए. 'क्यूएम' म्हणजे क्वार्टरमास्टर.

एल्विन रीस आणि मेरी मँडल्स यांनी या बुरशीवर वर्षानुवर्षं काम केलं. शोधायला निघाले होते तंबू वाचवायचा उपाय, हाती लागली सेल्युलोज पचवणारी जगातली एक सर्वोत्तम बुरशी. १९७७ मध्ये तिला रीसच्या नावावरून ट्रायकोडर्मा रीसाय हे नाव मिळालं. आज उद्योगात वापरले जाणारे तिचे बहुतेक वाण त्या एका नमुन्याचे वंशज आहेत.

अंदाधुंद मारा

सुरुवातीला या बुरशीचं उत्पादन वाढवायची पद्धत म्हणजे अंदाधुंद मारा. बीजाणूंवर अतिनील किरण सोडायचे किंवा डीएनए बिघडवणारी रसायनं ओतायची. बहुतेक बीजाणू मरतात. जे वाचतात त्यांत कुठे ना कुठे बदल झालेले असतात. हजारोंतून जास्त सेल्युलेज देणारा एखादा निवडायचा आणि त्याच्यावर पुन्हा मारा करायचा. पेनिसिलिनचंही असंच झालं. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तोवर जगभर पेनिसिलिनची बुरशी क्ष-किरण आणि अतिनील किरणांच्या माऱ्यातून निवडून निवडून सुधारत आणली गेली होती.

या पद्धतीने काम झालं, यात शंका नाही. अमेरिकेतल्या रट्गर्स विद्यापीठात ट्रायकोडर्माचा रट-सी ३० हा वाण असाच निघाला आणि भरपूर सेल्युलेज देऊ लागला. पुढे कारण कळलं. बुरशीत क्रे-१ नावाचं एक जनुक असतं. ते पहारेकऱ्यासारखं काम करतं. आयती साखर हाताशी असेल तर ते सेल्युलेज बनवणं बंद करतं. घरात भाकरी असताना चूल कशाला पेटवायची, असा हिशेब. रट-सी ३० मध्ये हे जनुक अर्धवट तुटलं होतं, म्हणून साखर असतानाही सेल्युलेज बनत राहायचं.

पण त्याच माऱ्यात आणखी काय उडालं, हे कित्येक वर्षं कोणाला ठाऊक नव्हतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की रट-सी ३० मधून डीएनएची सुमारे ८५ हजार अक्षरं, म्हणजे २९ जनुकं, गायब आहेत. लक्ष्य होतं एक, पडझड झाली आख्ख्या मोहल्ल्याची. म्हणून शास्त्रज्ञांना हवा होता नेम धरून मारा: फक्त ठरलेलं जनुक, बाकीच्याला धक्का नाही.

नेम का चुकतो?

काशीत जुन्या पोथ्या सुट्या पानांच्या असतात. समजा पोथीतलं १२ वं पान बदलायचं आहे. तुम्ही नवं पान लिहिता, त्याच्या सुरुवातीला ११ व्या पानाच्या शेवटच्या ओळी आणि शेवटी १३ व्या पानाच्या पहिल्या ओळी जोडता. पोथी लावणारा माणूस त्या ओळी जुळवून बघतो आणि नवं पान बरोबर जागी बसवतो. जनुक बदलताना हेच करतात. नव्या डीएनएच्या दोन्ही टोकांना मूळ जागेच्या आजूबाजूची अक्षरं जोडतात. पेशी ती जुळवते आणि तुकडा तिथे बसवते. याला समजातीय पुनर्संयोग म्हणतात.

बेकरीचं यीस्ट हे काम फार सुरेख करतं. त्याला दोन्ही बाजूंना ४०-५० अक्षरं जुळलेली पुरतात. तंतुमय बुरशीला मात्र अनेकदा हजारभर अक्षरं जोडून दिली तरी ती तुकडा भलत्याच ठिकाणी चिकटवते.

याचं कारण डीएनएच्या दुरुस्तीत आहे. डीएनएचा धागा तुटला की पेशीपुढे दोन मार्ग असतात. बॉम्बने रस्ता उडाला तर आपले सॅपर्स काय करतात? ताफा थांबलेला असेल तर मिळेल तो दगड-मुरूम टाकून खड्डा बुजवतात, ताफा पुढे काढतात. वेळ असेल तर जुना नकाशा बघून रस्ता होता तसा बांधतात. पेशीतही एक घाईची दुरुस्ती असते, जी तुटलेली टोकं दिसतील तशी एकमेकांना जोडते. दुसरी नकाशा बघून, म्हणजे जुळणारी अक्षरं शोधून करायची दुरुस्ती. यीस्ट नकाशावाली दुरुस्ती जास्त वापरतं, तंतुमय बुरशी घाईची. आपण आत सोडलेला डीएनएचा तुकडा हा तिच्या दृष्टीने एक तुटकं टोकच असतो. घाईचं पथक तो उचलतं आणि कुठल्याही फटीत बसवतं.

घाईचं पथक हटवा

मग उपाय उघड होता: घाईच्या पथकाला सुट्टी द्या. या पथकात पुढे धावणारी दोन प्रथिनं असतात, कु-७० आणि कु-८०. ती तुटलेल्या टोकाला कडं घातल्यासारखी बसतात. त्यांच्याशिवाय पुढची मंडळी जमत नाहीत.

२००४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी न्यूरोस्पोरा या नारिंगी बुरशीतून या दोन प्रथिनांची जनुकं काढून पाहिली. मूळ वाणात नवा तुकडा बरोबर जागी बसण्याचं प्रमाण होतं १० ते ३० टक्के. कु काढलेल्या वाणात ते झालं १०० टक्के. बुरशीशास्त्रात ही कलाटणी होती. पुढे ॲस्परजिलस, पेनिसिलियम अशा एकेका बुरशीत हे करून पाहिलं गेलं. आपल्या तंबूवाल्या ट्रायकोडर्मात २००९ मध्ये हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर गेलं.

न्यूरोस्पोरा म्हणजे परकी पाहुणी नव्हे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले रमेश महेश्वरी यांनी ती उसाच्या फडात शोधली होती. फड पेटवला की आगीच्या उष्णतेने तिचे झोपलेले बीजाणू जागे होतात आणि जळक्या उसावर नारिंगी पूड दिसू लागते. हैदराबादच्या सीसीएमबीत दुर्गादास कसबेकर यांनी याच बुरशीच्या आनुवंशिकतेवर दीर्घकाळ संशोधन केलं. १९४१ मध्ये बीडल आणि टेटम यांनी एकेक जनुक एकेका विकराशी जोडून दाखवलं तेही हिच्यातच, आणि १९५८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तिची सुमारे दहा हजार जनुकं २००३ मध्ये वाचून झाली होती. कुची युक्ती सापडल्यावर ती जनुकं एकेक करून काढून पाहण्याची मोहीम आवाक्यात आली.

पण पथक कायमचं हटवलं तर त्याची किंमत मोजावी लागते. घाईची दुरुस्ती नसलेली बुरशी किरणांना आणि काही रसायनांना जास्त बळी पडते. कारखान्याच्या टाकीत महिनोन्महिने चालवायचा वाण असा दुबळा कसा चालेल? म्हणून शहाणे लोक पथक तात्पुरतं बाजूला करतात. काम झालं की कु जनुक परत बसवतात, किंवा न्यूरोस्पोरासारख्या बुरशीत धडधाकट वाणाशी संकर करून संततीतून हवी ती निवडतात.

भिंत, गर्दी आणि खूण

डीएनए बरोबर जागी बसणं ही लढाईची दुसरी फळी. पहिली फळी म्हणजे तो आत जाणं. बुरशीच्या पेशीला कायटिनची मजबूत भिंत असते. ती विकरांनी विरघळवून उघड्या पेशी करतात आणि मग डीएनए आत ढकलतात. गंमत अशी की भिंत विरघळवणाऱ्या विकरांचं जे मिश्रण प्रयोगशाळांत बरीच वर्षं वापरलं गेलं, ते ट्रायकोडर्माचंच होतं. ही बुरशी दुसऱ्या बुरशांना खाते, त्यामुळे भिंत फोडण्यात ती तरबेज. म्हणूनच शेतकरी तिला मर रोगावर वापरतात. इथल्या बनारस हिंदू विश्वविद्यालयातही तिच्यावर बरंच काम झालं आहे.

दुसरी वाट ॲग्रोबॅक्टेरियमची. हा जिवाणू झाडांत आपला डीएनए घुसवतो हे माहीत होतं. १९९८ मध्ये दिसलं की तो तंतुमय बुरशीतही घुसवू शकतो. त्यामुळे भिंत विरघळवण्याची कटकट अनेक ठिकाणी टळली.

पुढची अडचण गर्दीची. बुरशीच्या एका धाग्यात एकाच पाण्यात अनेक केंद्रकं पोहत असतात. त्यातल्या एकात बदल झाला, बाकी जुनीच राहिली, तर बुरशी वरून बदललेली दिसते आणि चार पिढ्यांनी मूळ पदावर येते. म्हणून एकेक बीजाणू वेगळा वाढवून शुद्ध वाण काढावा लागतो. घाई करणाऱ्यांचे प्रयोग इथेच फसतात.

तिसरी गोष्ट खुणेची. लाखो पेशींत नवा डीएनए कोणात गेला हे कळायला सोबत एक खूण पाठवतात, बहुधा हायग्रोमायसिनसारख्या विषाला न जुमानणारं जनुक. विषात जी तगली ती आपली. इथेही एक छान युक्ती आहे. खुणेचं जनुक दोन अर्धवट तुकड्यांत पाठवायचं, दोन्हींत थोडा भाग सामाईक ठेवून. एकटा तुकडा निकामी. दोन्ही जुळून बसले तरच विषापासून संरक्षण मिळतं. एका चेकवर दोन सह्या लागाव्यात तसं. त्यामुळे भलतीकडे चिकटलेले बरेच तुकडे आपोआप गळतात.

क्रिस्परची कात्री

२०१५ पासून चित्र आणखी बदललं. ज्या क्रिस्पर तंत्रासाठी शार्पेंटिए आणि डाउडना यांना २०२० चं नोबेल मिळालं, ते त्या वर्षी ॲस्परजिलस, ट्रायकोडर्मा आणि भातावर करपा पाडणाऱ्या बुरशीत चालून दाखवलं गेलं. कॅस-९ हे प्रथिन म्हणजे कात्री, आणि तिला वाट दाखवणारा आरएनए म्हणजे गाईड. गाईड सुमारे २० अक्षरं ओळखून कात्रीला ठरलेल्या जागी नेतो, कात्री दोन्ही धागे कापते.

आता सगळा हिशेब उलटा झाला. पूर्वी आपण तुकडा पाठवून वाट बघायचो, पेशीने तो योग्य जागी बसवावा म्हणून. आता त्या जागीच खड्डा पाडतो आणि पेशीला तिथे दुरुस्ती करणं भाग पडतं. घाईचं पथक आलं तर ते जोडताना एखादं अक्षर गाळतं किंवा वाढवतं, आणि जनुक निकामी होतं. अनेकदा तेवढंच हवं असतं. नेमका बदल हवा असेल तर सोबत नमुना द्यायचा. घाईचं पथक नसलेल्या वाणात तर शंभराच्या आसपास अक्षरांचा छोटा नमुनाही पुरतो.

कात्री आत ठेवून मात्र चालत नाही. ती पुढेमागे भलतीकडेही कापू शकते. म्हणून कात्रीचं जनुक अशा वर्तुळाकार डीएनएवर पाठवतात जे बुरशीत फार दिवस टिकत नाही; विषाचा दबाव काढला की ते हरवतं. किंवा तयार प्रथिन आणि गाईड थेट पेशीत सोडतात, काम करून ती विरघळतात. मागे परकं जनुक उरत नाही.

खात्री

फौजेत लक्ष्य उद्ध्वस्त झालं असं कळवण्याआधी जाऊन बघायचं असतं. इथेही तेच. बदललेल्या जागेची दोन्ही टोकं पीसीआरने तपासतात. दुसरीकडे कुठे जादा प्रत चिकटली नाही ना, हे बघतात. शेवटची कसोटी म्हणजे काढलेलं जनुक परत बसवायचं. बुरशी मूळ पदावर आली, तर झालेला बदल त्याच जनुकामुळे होता हे सिद्ध. नाही आली, तर श्रेय दुसऱ्याच कशाला तरी आहे. कुठल्याही बातमीत "जनुक बदलून उत्पादन वाढवलं" असं वाचाल, तेव्हा ही कसोटी झाली का, एवढं विचारा.

आपला माल, आपली विद्या

आता घरच्या गोष्टीकडे येतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, त्याला एनसीआयएम म्हणतात. त्या संग्रहातली एक बुरशी म्हणजे पेनिसिलियम फ्युनिक्युलोसम, क्रमांक १२२८. ती सेल्युलोज फार चांगलं पचवते. दिल्लीतल्या आंतरराष्ट्रीय जनुकीय अभियांत्रिकी केंद्रात सय्यद शम्स याझदानी यांच्या गटाने तिच्यातल्या मिग-१ या जनुकावर नेम धरला. मिग-१ म्हणजे आपला तोच पहारेकरी, ट्रायकोडर्मातल्या क्रे-१ चा भाऊबंद. त्याचा डीएनएला धरणारा भाग निकामी केल्यावर बुरशी जोमाने वाढली, तिच्या धाग्यांना जास्त फांद्या फुटल्या आणि सेल्युलेजही वाढलं. हे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं.

रट-सी ३० शी तुलना करून बघा. तिथे पहारेकरी योगायोगाने पडला, सोबत २९ जनुकं गेली आणि ते कळायला वर्षं लागली. इथे कोणावर नेम धरायचा ते आधी ठरवलं होतं. पन्नास-साठ वर्षांच्या प्रवासाचं सार यात आहे.

दुसरं टोक कारखान्याचं. १० ऑगस्ट २०२२ रोजी इंडियन ऑइलचा पानिपतचा प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला सुमारे दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल बनवायचं, असा त्याचा आराखडा. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. पुण्याची बुरशी आणि पुण्याचं तंत्र, दोन्ही आपल्या हाताशी आहेत. पण विकरांच्या जागतिक बाजारावर अजून डेन्मार्क-अमेरिकेच्या कंपन्यांचा वरचष्मा आहे. तोफ आपली आणि दारूगोळा परका, ही अवस्था फौजी माणसाला अस्वस्थ करते. म्हणून बुरशीवर नेम धरण्याची विद्या आपल्या मुलामुलींच्या हातात असणं मला महत्त्वाचं वाटतं.

धोका आणि नियम

"पण ही बदललेली बुरशी बाहेर सुटली तर?" हा प्रश्न रास्त आहे. विकर बनवणारी बुरशी बंद टाकीत वाढते, आणि विकर काढून घेतल्यावर ती मारता येते. शेतात सोडायच्या बुरशीचा मामला वेगळा, तिथे जास्त सावधगिरी हवीच. आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली १९८९ चे नियम आहेत. प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती असते आणि वर केंद्राच्या समित्या. २०२२ मध्ये परकं जनुक न घातलेल्या काही जनुक-संपादित वनस्पतींना या नियमांतल्या काही अटींतून सूट मिळाली. ती सूट वनस्पतींसाठी आहे. बुरशीसाठी तसाच विचार करायचा का, केला तर बंद टाकी आणि मोकळं शेत यांत फरक कसा ठेवायचा, यावर चर्चा व्हायला हवी. तुमच्या-माझ्यासारख्या लोकांनी ती समजून घ्यायला हवी, नाहीतर निर्णय भीतीने होतील किंवा जाहिरातीने.

थोडक्यात उजळणी करतो. बुरशीचा नेम चुकतो कारण ती तुटलेला डीएनए घाईने जोडते. घाईचं पथक हटवलं की नेम लागतो, पण ते कायमचं हटवू नये. क्रिस्पर ठरलेल्या जागीच काप घेतं. बीजाणू शुद्ध केल्याशिवाय आणि जनुक परत बसवून पाहिल्याशिवाय काम पुरं झालं असं मानू नये. आणि या सगळ्याचा शेवट चंदौलीच्या पेंढ्याला भाव मिळण्यात व्हायला हवा.

तुमच्या घरात कोणी सूक्ष्मजीवशास्त्र शिकत असेल तर हा भाग त्यांना जरूर दाखवा, आणि त्यांना विचारा की त्यांच्या प्रयोगशाळेत कोणती बुरशी वाढते. पुढच्या भागात भातावरच्या करपा रोगाबद्दल बोलू. तोही एका तंतुमय बुरशीचाच पराक्रम. तोवर नमस्कार, जय हिंद.